खाशाबा जाधव : नियम शिकून जिंकलेला मल्ल (मराठी निबंध)

१५ जानेवारी हा दिवस आपल्या राज्यात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हाच दिवस का? कारण १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे ते पैलवान. त्या दिवशी शाळेत भाषणे होतात आणि बहुतेक भाषणांत एकच वाक्य असते : १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक. बस्स, तिथे भाषण संपते.

आजच्या पाठात आपण त्याच आयुष्याकडे थोडे वेगळ्या बाजूने बघू. खाशाबांच्या आयुष्यात ताकद होती, डावपेच होते, गरिबी होती, हे तर आहेच. पण नीट बघितले तर त्यांच्या वाटेतले प्रत्येक वळण कुठल्या ना कुठल्या नियमापाशी आले आहे. कधी नियम माहीत नव्हता, कधी तो नव्याने शिकावा लागला. आणि एकदा तर नियम बाजूने असूनही तो सांगायला शेजारी माणूस नव्हता. खेळाडू, पंच आणि संघ या तिघांनाही नियम माहीत असणे किती गरजेचे आहे, हे या एका माणसाच्या गोष्टीतून जितके कळते तितके नियमांच्या पुस्तकातून कळत नाही.

गोळेश्वरचा मुलगा

आपल्या गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तुम्हाला माहीत आहे. राज्याच्या या टोकाहून निघून ती थेट त्या टोकाला जाते. कोल्हापूरच्या अलीकडे कऱ्हाड हे स्टेशन लागते. या कऱ्हाडजवळच गोळेश्वर नावाचे गाव आहे, जिल्हा सातारा. खाशाबा याच गावचे.

वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. घरात शेती आणि कुस्ती, दोन्ही बरोबरीने चाले. आपल्याकडे ज्याला आखाडा म्हणतात त्याला तिकडे तालीम म्हणतात. लहानपणापासून खाशाबांचे पाय तालमीच्या लाल मातीत रुळले. कुस्तीचे पहिले धडे वडिलांनीच दिले. जत्रा-यात्रांमधली मैदाने बघत बघत पोरगा मोठा झाला.

शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. सातारा जिल्ह्यात १९४२ च्या चळवळीने पेट घेतला होता. शाळकरी खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना मदत करण्यात वाटा उचलला. म्हणजे बघा, अभ्यास, कुस्ती आणि देश या तिन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकाच वयात रुजल्या.

राजाराम कॉलेजचे मैदान

पुढच्या शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी इथे देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला आणि खासबागचे भव्य मैदान उभारले. अशा गावात पैलवान म्हणून उभे राहणे सोपे नव्हते. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे खाशाबांनी मेहनत केली.

अंगकाठीने खाशाबा लहानखुरे होते. उंची बेताची, शरीर सडपातळ. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा हा बारका मुलगा काय कुस्ती खेळणार, असे समजून त्यांना नकार मिळाला. खाशाबांनी भांडण केले नाही, रुसून घरीही गेले नाहीत. ते सरळ प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले आणि संधी मागितली. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग आपल्यापेक्षा थोराड दिसणाऱ्या मुलांना खाशाबांनी एकामागून एक लोळवले.

या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे. विद्यार्थ्याला स्पर्धेत उतरू द्यायचे की नाही, हे शरीर बघून ठरवायचे नसते, ते नियमाने ठरते. आणि चुकीचा निर्णय झाला तर वर दाद मागता येते. रीतसर, शांतपणे. खाशाबा हे कॉलेजात असतानाच शिकले. पुढे त्यांना ते पुन्हा उपयोगी पडले.

माती आणि गादी

आता थोडे थांबून कुस्तीचे नियम समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

आपल्या गावाकडच्या दंगलीत कुस्ती मातीवर होते. तिचा नियम अगदी सोपा आहे. समोरच्याची पाठ जमिनीला लावली की कुस्ती चीतपट झाली. पूर्वी वेळेचे बंधन फारसे नसे. दोन तगडे मल्ल तास-तासभर एकमेकांना जोखत राहत. गुण मोजायची पद्धत नव्हती. निकाल लागला तर लागला, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची. मैदानाला आखलेली हद्द नसे, भोवती बसलेले लोक हीच हद्द.

ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर होते. तिथे वेळ ठरलेली असते. हद्द आखलेली असते. दोन्ही खांदे गादीला टेकले की कुस्ती संपते, हे खरे, पण तसे झाले नाही तरी निकाल लागतोच, कारण पंच प्रत्येक पकडीचा, प्रत्येक पलटीचा हिशेब ठेवत असतात. समोरच्याला खाली आणले, त्याची पाठ गादीकडे वळवली, या सगळ्याला किंमत असते. नुसता बचाव करत राहिलेला मल्ल मातीत टिकून जाईल, गादीवर मात्र तो हरेल.

फरक पायाखालीही असतो. माती पाय धरून ठेवते, गादी धरत नाही. मातीत अंगाला माती लागते, त्यामुळे पकड बसते. गादीवर घामाने हात निसटतो. म्हणून मातीतला भारी डाव गादीवर तसाच्या तसा चालत नाही. धान रोवायची सवय असलेल्या माणसाला कोरडवाहू ज्वारीच्या शेतात उभे केले तर काय होईल? शेतीच ती, पण सगळे नव्याने शिकावे लागते.

लंडन, १९४८ : पहिली परीक्षा

स्वातंत्र्य मिळाले आणि पुढच्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक आले. खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. वय अवघे २२. गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोपर्यंतचा.

गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांची त्यांना तोपर्यंत सवय नव्हती. भारतात तेव्हा गाद्या होत्याच किती? मातीत वाढलेला हा मुलगा जगातल्या तयार मल्लांसमोर उभा राहिला. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या माजी विश्वविजेत्या प्रशिक्षकाने त्यांना गादीवरची कुस्ती शिकवली. कुठे उभे राहायचे, पंच कशाला किंमत देतात, हद्दीजवळ काय करायचे, हे सगळे थोड्या दिवसांत डोक्यात भरायचे होते.

आणि त्यांनी ते भरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस या मल्लाला त्यांनी काही मिनिटांत हरवले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीसमोर मात्र त्यांचा पाडाव झाला. शेवटी सहावा क्रमांक आला.

सहावा क्रमांक म्हणजे पदक नाही. पण विचार करा, ज्या नियमांनी खेळायची सवय नाही, त्या नियमांनी खेळून जगात सहावा!  खाशाबांना यातून एक गोष्ट कळली. आपल्यात ताकद कमी नाही, डाव कमी नाहीत, कमी आहे ती गादीची सवय. मग पुढची चार वर्षे त्यांनी त्याच कामाला दिली. तालमीतली मेहनत वाढवली, वजनाचा गट बदलला आणि बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात ते उतरू लागले. कोल्हापूरकरांचा आवडता ढाक हा डाव त्यांनी असा घोटवला की तो त्यांची ओळख बनला.

निवडीचा वाद आणि घर गहाण

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडच्या हेलसिंकी शहरात होणार होते. खाशाबा तयार होते, पण निवडीच्या वेळी अडथळा आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना अगदी निसटत्या गुणाने हरवले गेले. गुण देण्यात अन्याय झाला, असे त्यांना वाटले. इथे त्यांना कॉलेजातली ती जुनी शिकवण उपयोगी पडली. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली. या वेळी खाशाबांनी पंचांना गुण मोजायची वेळच येऊ दिली नाही. प्रतिस्पर्ध्याला सरळ चीतपट केले. निवड पक्की झाली.

आता प्रश्न पैशांचा. खेळाडूचा सगळा खर्च सरकार किंवा संघटना उचलेल, अशी सोय तेव्हा नव्हती. गावोगाव फिरून वर्गणी गोळा झाली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तसे दिले. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार म्हणजे फार मोठी रक्कम. एका शिक्षकाने आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावले, यापुढे आणखी काय लिहायचे?

हेलसिंकी आणि दोषगुणांचा हिशेब

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या अड्रियन पोलिक्विनला हरवले. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवले. जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झलाही हरवले. गोळेश्वरच्या पोराचे नाव आता शेवटच्या टप्प्यातल्या मोजक्या मल्लांत होते.

त्या काळी स्पर्धा कशी चालायची, हेही समजून घेऊ. आजच्यासारखे उपउपांत्य, उपांत्य, अंतिम असे साधे टप्पे नव्हते. दोषगुण मोजले जात. चीतपट जिंकले तर शून्य दोषगुण. गुणांवर जिंकले तर १. तीन पंचांत मतभेद होऊन हरले तर २. एकमताने किंवा चीतपट हरले तर ३. ज्याचे ५ दोषगुण भरले तो बाहेर. म्हणजे एक कुस्ती हरली की सगळे संपले, असे नव्हते. जिंकतानाही कसे जिंकलात, याला महत्त्व होते. चीतपट मारणाऱ्याला फायदा आणि कसेबसे जिंकणाऱ्याला थोडा दंड. सगळ्यांत शेवटी जे तिघे उरत, त्यांच्यातल्या आपसातल्या कुस्त्यांवर सुवर्ण, रौप्य, कांस्य ठरे.

खाशाबा त्या शेवटच्या तिघांत पोचले. दुसरे होते जपानचे शोहाची इशी आणि तिसरे सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह.

ती अर्ध्या तासाची विश्रांती

इथे गोष्टीचा सगळ्यांत दुखरा भाग येतो.

इशीबरोबरची कुस्ती लांबली. पूर्ण १५ मिनिटे दोघे झुंजले. पंधरा मिनिटे हे ऐकायला थोडे वाटते. पण पूर्ण ताकदीने एक मिनिट रस्सीखेच करून बघा, म्हणजे पंधराचा अर्थ कळेल. पंचांनी निकाल इशीच्या बाजूने दिला. खाशाबा दमून गेले होते.

त्या दिवसाची हकिगत आजवर अशी सांगितली जाते. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. तरी खाशाबांना जवळजवळ लगेच मामेदबेकोव्हविरुद्ध उतरायला सांगितले गेले. नियम त्यांच्या बाजूने होता. पण तो पुढे करून आक्षेप नोंदवायला, पंचांच्या टेबलापाशी जाऊन हा आमचा हक्क आहे असे ठामपणे सांगायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा एकटेच होते, आणि परक्या देशात, परक्या भाषेत आपले म्हणणे मांडणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. थकलेल्या शरीराने ते गादीवर उतरले आणि हरले.

इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबा जाधव यांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का? याचे उत्तर आपण देऊ शकत नाही आणि देऊही नये. समोरचे दोघेही जबरदस्त मल्ल होते, त्यांचे यश कमी लेखायचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. नियम कागदावर होता, खेळाडूच्या भल्याचा होता आणि तरी तो त्याच्या कामी आला नाही. का? नियमाला स्वतःचे तोंड नसते, म्हणून. तो कुणीतरी बोलून दाखवावा लागतो. पंचाने तो आपणहून पाळायला हवा, ही पहिली गोष्ट. आणि पंचाकडून सुटला तर संघातल्या माणसाने तो लक्षात आणून द्यायला हवा, ही दुसरी. त्या दिवशी या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. दमलेल्या खेळाडूने कुस्तीही खेळायची, कायदाही जाणायचा आणि वकिलीही करायची, ही अपेक्षा बरोबर नाही.

बैलगाड्यांची मिरवणूक

हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. देशाचे लक्ष साहजिकच तिकडे होते. पण कऱ्हाडकरांचे लक्ष आपल्या पैलवानाकडे होते. खाशाबा कऱ्हाड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभराहून अधिक सजवलेल्या बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पंधरा-वीस मिनिटांत संपणारी वाट त्या दिवशी कित्येक तास चालली. आपल्याकडे शंकरपटाच्या दिवशी बैलजोड्या कशा सजतात, ते आठवा आणि तशा शंभर गाड्या एका रांगेत डोळ्यांपुढे आणा.

मिरवणूक संपली. खाशाबांना आठवण होती ती गहाण पडलेल्या घराची. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः खेळले, जिंकले आणि त्यातून आलेले पैसे प्राचार्य खर्डेकरांना देऊन त्यांचे घर सोडवले. पदकाइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पोलीस दलातली वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या क्रीडा स्पर्धांत खेळले, तरुण खेळाडूंना शिकवले. सुमारे २७ वर्षे त्यांनी नोकरी केली. पदोन्नती मात्र फार उशिरा मिळाली. वर्षानुवर्षे ते उपनिरीक्षकच राहिले आणि सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेतले गेले. पण निवृत्तीनंतरचे दिवस पैशांच्या ओढाताणीत गेले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय ५८.

मोठे सन्मान आले ते नंतर. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. आणि त्यांच्यानंतर वैयक्तिक पदक मिळवायला भारताला किती काळ लागला? तब्बल ४४ वर्षे. १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिएंडर पेस यांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा कुठे ही ओळ पुढे सरकली.

नंतर नियम कसे बदलले?

खाशाबांच्या वेळची कुस्ती आणि आजची कुस्ती यांत खूप अंतर पडले आहे. नियम दगडावर कोरलेले नसतात. खेळ न्याय्य व्हावा, सुरक्षित व्हावा, बघणाऱ्याला समजावा म्हणून ते बदलतात. कधी बदल चांगला ठरतो, कधी फसतो.

वेळेचेच बघा. तेव्हा १५ मिनिटे होती. ती कमी होत होत आज सहा मिनिटांवर आली आहे, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. दोषगुणांची पद्धत गेली. आता हरलेल्या मल्लाला पुन्हा संधी मिळते ती रेपेचाजमधून. तुम्हाला हरवणारा मल्ल अंतिम फेरीत पोचला, तर तुम्हाला कांस्यपदकासाठी लढायला मिळते. २००८ साली बीजिंगमध्ये सुशील कुमार आणि २०१६ साली रिओमध्ये साक्षी मलिक यांनी याच वाटेने कांस्यपदक मिळवले.

फसलेला बदलही सांगतो. २००५ नंतर काही वर्षे दोन-दोन मिनिटांचे तीन डाव असत आणि प्रत्येक डाव वेगळा धरला जाई. फ्रीस्टाइलमध्ये डाव शून्य-शून्य राहिला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे. ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळे. म्हणजे चार वर्षांची मेहनत एका चेंडूच्या नशिबावर! लोकांना ही कुस्ती समजेना, आवडेना. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकमधून कुस्ती वगळावी, अशी शिफारस झाली. जगभरचे कुस्तीगीर हादरले. आंतरराष्ट्रीय संघटनेने घाईने नियम सुधारले. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि दोन्हींचे गुण एकत्र मोजायचे, असे ठरले. खाली आणण्याला एकाऐवजी २ गुण मिळू लागले, म्हणजे चढाई करणाऱ्याला मोल आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्तीला ऑलिंपिकमध्ये पुन्हा जागा मिळाली. एखाद्या खेळाचा जीव नियमांवर कसा अवलंबून असतो, याचे हे उदाहरण.

आणखी एक बदल खाशाबांच्या गोष्टीशी फार जवळचा आहे. आज मल्लाचा प्रशिक्षक गादीच्या कोपऱ्यात बसलेला असतो. पंचांनी गुण चुकीचा दिला असे वाटले, तर तो एक मऊ ठोकळा गादीवर टाकून आव्हान देऊ शकतो. मग चित्रफीत पुन्हा बघितली जाते. आव्हान चुकीचे ठरले तर समोरच्याला एक गुण मिळतो, म्हणून उगाच कोणी आव्हान देत नाही. आक्षेप घेणे म्हणजे भांडण करणे नव्हे, तो खेळाचाच भाग आहे, हे आता नियमानेच मान्य केले आहे.

पण नियम नीट असला तरी तो कठोरही असतो. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीत पोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. दोन्ही दिवशी वजन घेण्याचा नियम काही वर्षांपूर्वीच लागू झालेला होता. साऱ्या देशाला वाईट वाटले. एवढ्याशा वजनात एवढे मोठे पदक गेले.

आपल्या मैदानावर याचा उपयोग काय?

आपल्या जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी आटोपली की गावोगाव कबड्डीचे सामने होतात. कुठे कुस्तीची दंगल, शाळांच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा. देवरी, सालेकसापासून अर्जुनी मोरगावपर्यंत मुले-मुली खेळतात. खेळात आपण कमी नाही. पण गावच्या नियमाने खेळलेला संघ तालुक्याला जातो, तिथे पंच वेगळा नियम लावतात आणि मुले गोंधळतात. मग पंचाने हरवले, असे म्हणत परत येतात. कधी ते खरे असेलही, पण बहुतेक वेळा नियम बदललेला असतो आणि आपल्याला तो कुणी सांगितलेला नसतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवू. पहिली, स्पर्धेआधी त्या वर्षीचा नियम विचारून घ्यायचा, गेल्या वर्षीचा गृहीत धरायचा नाही. दुसरी, संघाबरोबर जाणाऱ्या शिक्षकाने नुसते डबे आणि हजेरी सांभाळायची नाही, नियमाची प्रत खिशात ठेवायची आणि सामना चालू असताना मैदान सोडायचे नाही. तिसरी, आपल्यातल्या कुणाला पंच म्हणून उभे राहायची वेळ आली, तर खेळाडूने मागितला नाही तरी त्याचा हक्क त्याला द्यायचा. दमलेल्या मुलाला ठरलेली विश्रांती देणे हे पंचाचे काम आहे, उपकार नव्हे.

खाशाबांनी आपल्या वाट्याचे काम पूर्ण केले होते. मातीतून गादीवर आले, परके नियम शिकले, दोनदा रीतसर दाद मागितली आणि पदक आणले. राहिले होते ते बाकीच्यांचे काम. १५ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालताना, ते बाकीचे म्हणजे आता आपणच आहोत, हे लक्षात असू द्यावे.

थोडक्यात माहिती

पूर्ण नाव : खाशाबा दादासाहेब जाधव
जन्म : १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कऱ्हाड, जि. सातारा
शिक्षण : टिळक हायस्कूल, कऱ्हाड, राजाराम कॉलेज, कोल्हापूर
१९४८ लंडन : फ्लायवेट गट, सहावा क्रमांक
१९५२ हेलसिंकी : बँटमवेट गट, कांस्यपदक
नोकरी : १९५५ पासून पोलीस दल
निधन : १४ ऑगस्ट १९८४

शब्दार्थ

मल्ल – पैलवान, कुस्तीगीर
चीतपट – पाठ जमिनीला लावून मिळवलेला विजय
गादी – कुस्तीची मॅट
ढाक – कुस्तीतला एक डाव
दाद मागणे – अन्याय झाल्यावर वरच्याकडे न्याय मागणे
दोषगुण – हरल्यावर किंवा गुणांवर जिंकल्यावर मल्लाच्या नावावर चढणारे उणे गुण
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला

विचार करा आणि लिहा

१. मातीवरची कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांतले चार फरक लिहा.
२. एका मल्लाने पहिली कुस्ती चीतपट जिंकली, दुसरी गुणांवर जिंकली आणि तिसरी एकमताने हरला. १९५२ च्या पद्धतीने त्याचे दोषगुण किती झाले? तो स्पर्धेत राहील का?
३. खाशाबांनी दाद मागितल्याचे दोन प्रसंग तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावात खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचा असा नियम सांगा, जो बदलायला हवा असे तुम्हाला वाटते. का, तेही लिहा.